डिजिटल कॅमेऱ्यास होणारी जलबाधा व आकस्मिक आघात : कारणमीमांसा आणि तातडीचे उपाय
(वाशिम जिल्ह्यातील क्षेत्रकार्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

१९७५ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते, त्याच्या चित्रात केवळ दहा हजार चित्रबिंदू होते आणि एक चित्र ध्वनिफितीच्या कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत असत. पुढे हे साधन लहान व स्वस्त होत गेले आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते ग्रामीण महाविद्यालयांच्या विभागांपर्यंत पोहोचले. वनस्पतिशास्त्राची क्षेत्रभेट, भूगोलाचे सर्वेक्षण, इतिहास विभागाचे शिल्प व शिलालेखांचे दस्तऐवजीकरण आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर या सर्व ठिकाणी डिजिटल कॅमेरा हे अभ्याससाधन झाले.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या वाशिम जिल्ह्यात अशा क्षेत्रकार्यास विपुल वाव आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी असलेले वाशिम नगर, तेथील बालाजी मंदिर व पद्मतीर्थ, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर, बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी, कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य ही त्यांतील काही ठळक स्थळे होत. पैनगंगा, अडाण, अरुणावती व काटेपूर्णा या नद्यांचे काठ आणि पावसाळ्यात चिखलाने भरलेली काळी शेते हीदेखील अभ्यासकांची कार्यक्षेत्रेच आहेत. तथापि अशा ठिकाणी कॅमेरा भिजणे अथवा हातातून निसटून पडणे हे प्रसंग वारंवार संभवतात.

कॅमेऱ्याची किंमत भरून काढता येते. परंतु ढासळण्यापूर्वीच्या भिंतीचे, वृद्ध लोककलावंताच्या सादरीकरणाचे किंवा अतिवृष्टीने खरडून गेलेल्या शेताचे छायाचित्र पुन्हा घेता येत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार यंत्रदुरुस्तीपुरता मर्यादित न ठेवता अभ्याससामग्रीच्या जतनाच्या दृष्टीने करणे आवश्यक आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) पाणी व आघात यांमुळे डिजिटल कॅमेऱ्याची हानी नेमकी कशी होते, याची कारणमीमांसा करणे.
२) अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत व पुढील काही दिवसांत करावयाच्या उपायांचा क्रम स्पष्ट करणे.
३) प्रचलित उपायांपैकी कोणते अपायकारक आहेत, हे सकारण सांगणे.
४) शैक्षणिक संस्थांसाठी प्रतिबंधात्मक व्यवस्था सुचविणे.

जलबाधेचे स्वरूप

पाणी लागताच कॅमेरा निकामी होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः शुद्ध पाणी विजेचे मंदवाहक आहे. हानी होते ती पाण्यात विरघळलेले क्षार आणि बॅटरीचा विद्युत्प्रवाह एकत्र आल्यामुळे. कॅमेऱ्यातील विद्युत् मंडलावर ताम्राच्या अतिसूक्ष्म वाहिन्या एकमेकींपासून मिलिमीटरच्या काही अंशावर असतात. क्षारयुक्त पाण्याने त्या जोडल्या गेल्या आणि त्याच वेळी बॅटरी जोडलेली असली, तर दोन परिणाम संभवतात. पहिला, प्रवाह भलत्या मार्गाने वाहून सूक्ष्म घटक तत्क्षणी जळतात. दुसरा, विद्युत्-विघटनामुळे एका वाहिनीवरील धातू विरघळून दुसरीकडे जमा होतो. ही क्रिया काही मिनिटांतही लक्षणीय हानी करू शकते. बॅटरी काढून घेतल्यास पहिला परिणाम बहुतांशी टळतो व दुसरा अत्यंत मंदावतो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. भिजलेला कॅमेरा ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी सुरू करणे ही सर्वांत घातक कृती होय. अनेकदा पाण्यात पडलेला कॅमेरा पाण्यामुळे नव्हे, तर बाहेर काढल्यावर केलेल्या या परीक्षेमुळे कायमचा बंद पडतो.

पाण्याच्या प्रकारानुसारही हानीचे स्वरूप बदलते. पावसाच्या पाण्यात क्षार अल्प असतात. विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यात खडकांतून विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. नदी-नाल्याच्या गढूळ पाण्याबरोबर काळ्या मातीचे अत्यंत बारीक कण आत शिरतात. ही माती ओली असताना फुगते व वाळताना आकसून घट्ट चिकटते. त्यामुळे भिंगाची नळी, बटणे व झडपदार यांच्या हालचाली अडखळतात. शैक्षणिक सहलीच्या निमित्ताने विद्यार्थी कोकण किनाऱ्यावर जातात, तेथे धोका अधिक असतो. समुद्राच्या पाण्याची विद्युत्‌वाहकता गोड्या पाण्याच्या अनेक पटींनी जास्त असते आणि ते वाळल्यावर उरलेले मीठ हवेतील ओलावा शोषून क्षरण चालूच ठेवते.

म्हणूनच ‘वाळला’ म्हणजे ‘सुधारला’ असे समीकरण मांडता येत नाही. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. चार दिवसांनी व्यवस्थित चालू झालेला कॅमेरा दोन-तीन महिन्यांनी बंद पडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

जलबाधेनंतरचे तातडीचे उपाय

पुढील क्रम पाळल्यास कॅमेरा व त्यातील चित्रे वाचण्याची शक्यता वाढते.

१) कॅमेरा पाण्याबाहेर काढताच बॅटरी काढावी. मेमरी कार्डावर नोंद चालू असताना बॅटरी काढल्यास शेवटचे एखादे चित्र नष्ट होऊ शकते. तथापि संपूर्ण मंडल जळण्याच्या तुलनेत ही हानी क्षुल्लक आहे. ज्या साधनातील बॅटरी काढता येत नाही, उदाहरणार्थ स्मार्टफोन, ते तत्काळ बंद करावे आणि चार्जर लावू नये.

२) त्यानंतर मेमरी कार्ड काढून स्वतंत्र ठेवावे.

३) बाह्यभाग सुती, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून घ्यावा. कॅमेरा जोराने झटकू नये. झटकल्याने बाहेरच्या कप्प्यातील पाणी आतल्या भागात शिरते. बटणे दाबू नयेत, भिंग पुढे-मागे फिरवू नये.

४) भिंग वेगळे होणारे असल्यास धूळ नसलेल्या बंद जागी, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवून ते काढावे. त्यामुळे पाणी संवेदकावर न जाता खाली ठिबकते. संवेदकास बोट अथवा कापड लावू नये.

५) बॅटरी, कार्ड व जोडण्यांच्या कप्प्यांची झाकणे उघडी ठेवून कॅमेरा हवेशीर, सावलीच्या जागी ठेवावा. पंख्याची साधी हवा चालते.

६) किमान ४८ ते ७२ तास कॅमेरा सुरू करण्याचा मोह टाळावा. चिखलाचे अथवा खारे पाणी गेले असल्यास तो मुळीच सुरू न करता थेट दुरुस्तीतज्ज्ञाकडे न्यावा. तज्ज्ञ मंडल उघडून उच्च शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने क्षार धुऊन काढतात. हे काम केवळ वाळवण्याने साध्य होत नाही.

७) कोणते पाणी, किती वेळ, त्या वेळी कॅमेरा चालू होता की बंद, याची नोंद चिठ्ठीवर करून ती कॅमेऱ्याबरोबर द्यावी. तज्ज्ञास निदानासाठी ती उपयोगी पडते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. घरगुती साधनांनी कॅमेरा उघडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. फ्लॅशसाठी असलेला संधारित्र सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारित होतो आणि बॅटरी काढल्यानंतरही काही काळ त्यात भार राहतो. त्याचा धक्का गंभीर ठरू शकतो.

प्रचलित उपायांची चिकित्सा

भिजलेले यंत्र तांदळात ठेवणे हा उपाय घरोघरी परिचित आहे. परंतु तांदूळ हवेतील ओलावा फारसा वेगाने शोषत नाही. उलट त्याचा कोंडा व पिठूळ कण कप्प्यांत आणि जोडण्यांत शिरतात. ॲपल कंपनीने २०२४ साली आपल्या फोनधारकांना दिलेल्या मार्गदर्शनात तांदळाचा वापर करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. कॅमेऱ्यात हालणारे सूक्ष्म यांत्रिक भाग अधिक असल्याने हा इशारा त्यास विशेषत्वाने लागू होतो.

दुसरा उपाय कडक उन्हात ठेवण्याचा. विदर्भातील उन्हाळ्यात काळ्या रंगाचा कॅमेरा उन्हात अत्यंत तापतो. त्यामुळे भिंगांचे चिकटद्रव्य, रबरी पट्ट्या, पडदा व बॅटरी यांना अपाय होतो. शिवाय भिंगातून सूर्यकिरण एकवटून आतील पडदी अथवा संवेदक करपू शकतो. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवाही वर्ज्य मानावी. तिचा झोत पाणी बाहेर काढण्याऐवजी अधिक आत ढकलतो.

वाळवण्याचा वेग बाहेरील हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असतो. वाशिम जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते, तेव्हा सावलीतील मोकळी हवा पुरेशी ठरते. जून ते सप्टेंबर या काळात मात्र हवा स्वतःच ओलाव्याने भरलेली असते. अशा वेळी झाकणबंद डब्यात भरपूर सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवणे श्रेयस्कर. नारिंगी रंगाचे दर्शक सिलिका जेल ओलावा शोषल्यावर हिरवे होते. ते मंद उष्णतेवर पुन्हा वाळवून वापरता येते.

मेमरी कार्डातील सामग्रीचे रक्षण

कॅमेरा बंद पडला म्हणजे चित्रे गेली, असे नाही. मेमरी कार्डात माहिती सूक्ष्म कोषांतील विद्युत्‌भाराच्या रूपाने साठविलेली असते आणि ती टिकण्यासाठी बॅटरीची आवश्यकता नसते. पाण्याने ती पुसली जात नाही. कार्डावर चिखल लागला असल्यास ते ऊर्ध्वपातित पाण्याने हलकेच धुवावे, टिपून घ्यावे आणि किमान एक दिवस सावलीत वाळवावे. नंतर ते दुसऱ्या कॅमेऱ्यात न घालता संगणकाच्या कार्डवाचकात लावून सर्व चित्रांची प्रत प्रथम संगणकावर घ्यावी.

संगणकाने कार्ड ‘फॉरमॅट’ करण्याची सूचना दिल्यास ती स्वीकारू नये. बऱ्याचदा चित्रे जागेवर असतात, केवळ त्यांची अनुक्रमणिका बिघडलेली असते. अशा कार्डावर नवे काहीही न नोंदविता पुनर्प्राप्तीची संगणकप्रणाली वापरल्यास चित्रे परत मिळू शकतात. नवी चित्रे नोंदविल्यास जुन्यांच्या जागा व्यापल्या जातात आणि ही शक्यता संपते.

आकस्मिक आघाताचे स्वरूप

एक मीटर उंचीवरून निसटलेला कॅमेरा सुमारे ०.४५ सेकंदांत जमिनीवर आदळतो. त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. एवढ्या अल्पावधीत तो झेलणे सहसा शक्य होत नाही. ७०० ग्रॅम वजनाच्या कॅमेऱ्याची त्या वेळची ऊर्जा सुमारे ७ ज्यूल असते.

ही ऊर्जा फार मोठी नाही. परंतु ती किती अंतरात शोषली जाते, यावर हानी ठरते. फरशीवर आदळून कॅमेरा एका मिलिमीटरच्या अंतरात थांबला, तर त्यावरील सरासरी बल त्याच्या वजनाच्या सुमारे हजारपट होते. तोच कॅमेरा मऊ अस्तराच्या पिशवीत असताना एक सेंटिमीटर अंतरात थांबला, तर हे बल शंभरपटींवर येते. पिशवीतील जाड अस्तराचे महत्त्व या साध्या गणितातून स्पष्ट होते. नांगरलेल्या शेतात पडलेला कॅमेरा वाचतो आणि मंदिराच्या दगडी फरसबंदीवर पडलेला फुटतो, त्याचे कारणही हेच आहे.

आघातानंतरची तपासणी

पडलेला कॅमेरा उचलून लगेच छायाचित्रण सुरू करणे योग्य नव्हे. तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम कॅमेरा बंद करून बाह्य आवरणातील भेगा, बॅटरीचे झाकण, भिंगाची पुढील कडा व भिंग जोडण्याचे धातूचे कडे पाहावे. बॅटरी फुगलेली अथवा दबलेली आढळल्यास ती पुन्हा वापरू नये व चार्ज करू नये. घरगुती कचऱ्यात न टाकता ती अधिकृत संकलनकेंद्रात द्यावी. संरक्षक काच फुटली असल्यास तिचे तुकडे फुंकणीने काढावेत. पुसल्यास तुकड्यांनी मुख्य भिंगावर ओरखडे उमटतात.

लहान कॅमेऱ्याचे बाहेर आलेले भिंग वाकून अडकल्यास ते हाताने आत दाबू नये. त्यामुळे आतील दंतचक्रे तुटतात. कॅमेरा हलविल्यावर आतून खुळखुळ आवाज येणे हे मात्र नेहमीच बिघाडाचे लक्षण नसते. कंपनरोधक यंत्रणा असलेल्या काही भिंगांतील घटक बंद अवस्थेत सैल असतात व त्यांचा आवाज येतो.

सर्वांत फसवी हानी डोळ्यांना दिसत नाही. आघाताने भिंगातील एखादी काच किंचित सरकते वा कलते. कॅमेरा चालतो, परंतु चित्राची एक बाजू अस्पष्ट येते. हे ओळखण्यासाठी भिंतीवर सपाट चिकटविलेल्या वर्तमानपत्रासमोर कॅमेरा तिपाईवर समांतर ठेवावा, भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून छायाचित्र घ्यावे आणि संगणकावर चारही कोपऱ्यांतील अक्षरे ताडून पाहावीत. एकच कोपरा पुसट असल्यास भिंगाची जुळणी बिघडली आहे, असे समजावे. संशोधनासाठी मोजमाप करावयाच्या छायाचित्रांत ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

आघात व जलबाधा यांचा परस्परसंबंधही ध्यानात घ्यावयास हवा. जलरोधक कॅमेऱ्याचे संरक्षण रबरी पट्ट्यांवर अवलंबून असते. एकदा पडल्यानंतर या पट्ट्या सरकलेल्या असू शकतात. म्हणून असा कॅमेरा तपासणीवाचून पाण्यात नेऊ नये. तसेच ‘आयपीएक्स ७’ या निर्देशाचा अर्थ एक मीटर खोल गोड्या पाण्यात तीस मिनिटे एवढाच असतो. समुद्राचे पाणी अथवा वेगाने वाहणारा प्रवाह त्यात अभिप्रेत नाही.

प्रतिबंधात्मक व्यवस्था

पट्टा मानेत अथवा मनगटात असल्याशिवाय कॅमेरा हाती घेऊ नये, हा पहिला नियम. पावसाळी क्षेत्रभेटीत प्लास्टिकचे आवरण व झाकणबंद डबा बरोबर असावा. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा काही काळ पिशवीतच ठेवावा. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान व ८० टक्के आर्द्रता असता सुमारे २६ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव जमते. अर्थात पाऊस नसतानाही कॅमेरा आतून ओला होऊ शकतो. साठवणीच्या जागी आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवल्यास भिंगांवर बुरशी वाढत नाही. क्षेत्रकार्याच्या प्रत्येक दिवसाअखेर चित्रांच्या दोन प्रती दोन भिन्न ठिकाणी ठेवाव्यात.

संस्थात्मक पातळीवर आणखी एक मुद्दा विचारार्ह आहे. विभागाचा कॅमेरा जडवस्तू नोंदवहीत नोंदलेला असतो आणि त्याची हानी झाल्यास भरपाई द्यावी लागेल, ही भीती विद्यार्थ्याच्या मनात असते. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यास ही रक्कम मोठी वाटते. परिणामी कॅमेरा भिजल्यावर तो पुसून, सुरू करून पाहून, काहीच घडले नाही अशा रीतीने कपाटात परत ठेवला जातो. वाचविता येण्याजोगे यंत्र अशा रीतीने नष्ट होते आणि पुढील विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. म्हणून ‘तत्काळ कळविणाऱ्यावर दंड नाही’ असा नियम विभागाने करणे आणि वरील उपायांचा तक्ता कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवणे हितावह ठरेल.

जगभर २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे वितरित झाले होते. २०२३ साली ही संख्या ८० लाखांच्या आत आली. अनेक जुन्या कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबल्याने त्यांचे सुटे भाग मिळणेही कठीण होत आहे. तालुक्याच्या ठिकाणी कुशल दुरुस्तीतज्ज्ञ सहजी उपलब्ध नसताना प्रथमोपचाराचे ज्ञान अधिकच मोलाचे ठरते.

निष्कर्ष

१) जलबाधेत मुख्य हानी पाण्याने नव्हे, तर पाण्यातील क्षार व चालू विद्युत्प्रवाह यांच्या संयोगाने होते, म्हणून बॅटरी काढणे हा पहिला उपाय होय.
२) कॅमेरा वाळणे व स्वच्छ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.
३) तांदूळ, कडक ऊन व गरम हवा हे उपाय त्याज्य आहेत.
४) कॅमेरा निकामी झाला तरी कार्डातील सामग्री बहुधा वाचविता येते, घाईने फॉरमॅट करणे टाळावे.
५) आघाताची तीव्रता थांबण्याच्या अंतरावर अवलंबून असते, पट्टा व अस्तर हे सर्वांत स्वस्त विमे आहेत.
६) दंडाची भीती दूर केल्यास अपघात वेळीच कळतात.

समारोप

क्षेत्रकार्य म्हटले की पाऊस, चिखल, दगड आणि गर्दी यांचा सामना अटळ आहे. कॅमेरा कपाटात सुरक्षित ठेवणे हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही. अपघात पूर्णतः टाळता येत नसले, तरी त्यानंतरची पहिली पाच मिनिटे आपल्या हाती असतात. त्या पाच मिनिटांत काय करावे आणि काय करू नये, हे प्रत्येक विद्यार्थ्यास क्षेत्रभेटीस निघण्यापूर्वीच सांगितले गेले, तर आपल्या जिल्ह्याच्या निसर्गाची, वारशाची व लोकजीवनाची नोंद अधिक निश्चितपणे पुढील पिढीपर्यंत पोहोचेल.